चौथ्या नावेवर थांबलेला पूल

आमच्या घरात दुसरं महायुद्ध कधी संपलंच नाही. साऱ्या जगाने ते आटोपलं, तह झाले, सैनिक आपापल्या गावी गेले. पण केनवडच्या अलीकडच्या आमच्या गावात, टिनपत्र्याच्या तीन खोल्यांत, ते रोज संध्याकाळी ताटावर नव्याने पेटायचं. माझे बाबा त्या युद्धात होते. नदीवर नावा जोडून पूल बांधणारी एक पलटण होती, तिच्यात. गावात त्यांना फौजीबुवा म्हणत आणि ते समोरून येताना दिसले की माणसं काही काम आठवल्यासारखी दुसऱ्या गल्लीत वळत. आम्हाला वळायला गल्ली नव्हती. आम्ही घरातलेच होतो.

जेवायला बसलो की ज्वारीची भाकर म्हणजे आफ्रिका. कढीची वाटी म्हणजे समुद्र. भाकरीचा एक लांबट तुकडा मोडून ते वाटीच्या कडेला लावत, ती इटली. ठेचा जर्मनांचा. कांद्याच्या फोडी आपल्या. बरं, हे सगळं स्वतःच्या ताटात मांडावं ना, तर नाही. त्यांची भाकर तोवर खाऊन झालेली असायची, म्हणून आफ्रिका नेहमी माझ्या ताटातली. मी तुकडा मोडायला गेले की माझा हात धरायचे. "थांब सुमे, आफ्रिका खाऊ नोको अजून. अजून आमी तटी उतरलोच नाही." आणि मी भुकेली, कढीवर साय धरेपर्यंत, जहाज बंदराला लागायची वाट पाहत बसायचे. माय चुलीपुढून ओरडायची, "अवो, पोरीले जेऊ द्या नं! तुमच्या लढाईपायी साऱ्या भाकरी थंड्या होऊन राह्यल्या." बाबांना ते ऐकू येत नसे. तोफांनी एक कान गेला होता, आणि मायच्या बाजूला ते नेमका तोच करून बसत.

त्यांच्या युद्धाचे तीन भाग होते. समुद्र, हवा आणि जमीन. समुद्रातली मोहीम म्हणजे मुंबईहून निघालेलं जहाज आणि त्यात तळाच्या मजल्यावर दिवसच्या दिवस ओकत पडलेले बाबा. शत्रूचं एकही जहाज त्यांनी पाहिलं नव्हतं. बादली मात्र पुष्कळ पाहिली होती. हवाई मोहीम त्याहून लहान. छावणीवर एक विमान आलं, त्याने एक बॉम्ब टाकला आणि तो डाळीच्या हंड्यावर पडला. त्या दिवशी साऱ्या पलटणीला बिनडाळीची रोटी खावी लागली. हे सांगताना बाबांचा आवाज अजूनही दुखावलेला असे. मधेच ते इटलीतल्या एका म्हातारीवर यायचे, जिने त्यांना टमाट्यात शिजवलेल्या शेवया खाऊ घातल्या होत्या. मायने हे शेवटपर्यंत खरं मानलं नाही. शेवयांत कोणी टमाटे घालतं का, एवढ्या एका गोष्टीवरून तिला सारं महायुद्धच संशयास्पद वाटायचं.

जमिनीवरची मोहीम मात्र लांब होती आणि तिथेच खरा वैताग होता. इटलीत एक नदी. पलीकडे जर्मन. पहाटेचं धुकं. काठावर रांगेने नावा. एकेक नाव पाण्यात सोडायची, आधीच्या नावेला जोडायची, वर फळ्या टाकायच्या, की झाला पूल. काठावर उभं राहून नावा मोजायचं काम बाबांचं. पहिली नाव सुटली. दुसरी सुटली. तिसरी सुटली. चौथी सुटली... आणि इथे बाबा उठायचे. बैलाला पाणी दाखवायचं राहिलं, म्हणायचे. विडी संपली, म्हणायचे. एकदा तर पान अर्धं टाकून, "पाऊस येते वाटते," म्हणत बाहेर गेले, आणि तेव्हा उन्हाळा चांगलाच तापलेला होता. मी जन्मल्यापासून मॅट्रिकला जाईपर्यंत तो पूल चार नावांवर थांबलेला होता. आधी मला उत्सुकता होती, मग राग यायला लागला, आणि पुढे नुसता कंटाळा. अर्धं सांगून उठायचं असेल तर माणसाने सुरूच कशाला करावं?

परवा माझ्या नातीने वाशीमच्या घरी सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाईलवर सगळं दुसरं महायुद्ध पाहिलं. पोळ्यांची कणीक मळून होईपर्यंत युद्ध संपलंही. "आजी, मस्त समजलं," म्हणाली. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू!

बाबांची आणखी एक खोड होती आणि तिच्यामुळे मायला गावात मान खाली घालावी लागे. खळ्यावर धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला आमच्याकडे कोणी 'एक' म्हणत नाही. पहिलं माप 'लाभ', मग दोन, मग तीन. लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही. आमचे बाबा पायली राशीत खुपसायचे, भरून वर काढायचे आणि चांगलं खणखणीत म्हणायचे, "एक." आसपासचे लोक चुळबुळ करायचे. खळ्यात बरकत राहत नाही अशाने. मायने यावर तोड काढली होती. बाबांनी पायली उचलली की ते तोंड उघडायच्या आत ती जोरात ओरडायची, "लाभ!" दोघांचे आवाज एकावर एक पडायचे. दरवर्षी हेच. काहून असं करता, म्हणून तिने कितीदा विचारलं असेल. बाबा आपला फुटका कान तिच्याकडे करायचे.

मी मॅट्रिकला होते ते वर्ष. आमच्या गावातून रिसोडच्या शाळेत जाणारी मी एकटीच मुलगी. एसटी मिळाली तर एसटीने, नाहीतर पायी. मला मास्तरीण व्हायचं होतं. सदाशिवमामा, मायचा भाऊ, याला ते मान्य नव्हतं. त्याने शिरपूरकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. बरीच घासाघीस होऊन असं ठरलं की पास झाले तर ट्रेनिंगला जायचं आणि नापास झाले तर मुकाट्याने बोहल्यावर. माय मधल्या मधे. मला मात्र काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. पास व्हायचं.

इतिहासाच्या सरांनी परीक्षेआधी पक्क्या प्रश्नांची यादी दिली. तिच्यात पहिलाच प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातील जमिनीवरील, समुद्रावरील व हवाई मोहिमांची माहिती लिहा. गाईडात त्याचं दीड पानी उत्तर होतं, बारा मुद्द्यांचं. मी ते पाठ करत ओसरीवर बसले होते. मोठ्याने म्हणायची सवय नडली. बाबा गोठ्यातून तसेच शेणाच्या हातांनी आले.

"काय म्हनून राह्यली तू?"

मी प्रश्न वाचून दाखवला. तेव्हाच्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी गाईड लपवायला हवं होतं. इतकी वर्षं सारा गाव ज्या गोष्टीपासून पळत होता ती सरकारने परीक्षेत विचारली होती! त्यांनी मला उत्तर वाचायला लावलं. समुद्रावरच्या मोहिमा, पाणबुड्या, जपानचा हल्ला, सगळं दोन ओळींत.

"हे लिहिनारा समुद्रात ओकला व्हता काय?"

"बाबा, ते मार्कांपुरतं असते."

"नदी हाय का याच्यात? नावेचा पूल?"

"नाही."

"मंग खोटं हाय हे," म्हणाले, आणि गाईड माझ्या हातून घेऊन कडब्याच्या गंजीवर फेकलं. "दोन दिवस दे मले. सारं महायुद्ध शिकवतो तुले."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तुरीसाठी नुकतंच शेणाने सारवलेलं खळं अडवलं. मधल्या खांबापासून काठीने रेघा ओढून अर्धं जग आखलं. सैन्य पाहिजे म्हणून घरात गेले आणि मायने राखेत घालून, तोंड बांधून ठेवलेली बियाण्याची मडकी उचलून आणली. मूग इंग्रजांचे, उडीद जर्मनांचे, करडई इटलीवाल्यांची. आपली फौज ज्वारीची. माय पाण्याहून आली तर बियाण्याचा मूग आफ्रिकेच्या वाळवंटात पसरलेला. तिने घागर खाली ठेवली आणि डोक्याला हात लावला. "अवो, पेरता काय आता, लढाई? बियाचे दाने हायेत ते!" बाबा म्हणाले, "वेचून देतो." दिले नाहीत. सरकता सरकता उडीद मुगात घुसले, कोंबड्यांनी इटली खाल्ली, आणि मी आणि माय दोन दिवस सुपात धरून दाणे निवडत बसलो. परीक्षेला सहा दिवस राहिले होते आणि मी मुगातून जर्मन वेचत होते. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

पूल त्या खळ्यावरही झाला नाही. चार शेंगा त्यांनी नदीच्या रेघेवर आडव्या ठेवल्या, पाचवी हातात घेतली, आणि म्हणाले, "बैल सुटला वाटते."

पेपरच्या दिवशी बाबा मला सोडायला रिसोडला आले. एसटीत कंडक्टरला समुद्राची मोहीम सांगितली. मी खिडकीबाहेर पाहत बारा मुद्दे मनात म्हणत होते. पेपर हातात आला. पहिलाच प्रश्न तोच. मी खाली मान घालून लिहायला लागले. समुद्र लिहिला, हवा लिहिली, मुद्द्यांबरहुकूम. जमिनीवर आले आणि काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. इटलीतील मोहीम, असं लिहिलं आणि पुढचं वाक्य गाईडातलं आलं नाही. नदी आली. पहाटेचं धुकं आलं. काठावर माणसं कशी गुडघाभर पाण्यात उभी होती, दोर कसे भिजून हातातून सटकत होते, नाव पाण्यात पडताना कसा आवाज होऊ द्यायचा नसे, सगळं मला पाठ होतं. न मागता, न आवडता, पंधरा वर्षं ताटावर वाढून पाठ झालेलं होतं. मी लिहीत सुटले. पहिली नाव, दुसरी, तिसरी, चौथी. आणि पेन थांबलं. पुढे काय झालं ते मला ठाऊक नव्हतं! उत्तर अर्धवट सोडावं कसं? मी शेवट आठवायला बसले, जो मला कोणी सांगितलाच नव्हता. मग एक शेवट रचला, खोडला, दुसरा रचला, तोही खोडला. पुरवणी मागून घेतली. घंटा झाली तेव्हा मोठे दोन प्रश्न कोरे होते.

बाबा स्टँडवरच्या बाकावर फडक्यात भाकर घेऊन बसले होते. झुणका, कांदा, मिरची. "आला का प्रश्न?" त्यांनी उठतच विचारलं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि मी फुटले. भर स्टँडवर, रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायांसमोर, मी बापावर ओरडले.

"आला! पहिलाच आला! अन् तुमच्या नदीपायी माहे दोन प्रश्न तसेच राह्यले! नापास होते मी आता! पूल पुरा करता येत नाही तं सांगता कायले? जल्मभर चार नावा, चार नावा! पुढं काय झालं, तेवढं एकदा सांगाले काय जात होतं तुमचं?"

बाबा खाली बसले. फडकं उघडलं, परत बांधलं. मला वाटलं, आता विडी आणायला जातात.

"नामदेव व्हता," ते म्हणाले. "शिरपूरच्या अंगाचा. आमी एकाच दिवशी भरती झालो. पहिल्या नावेत थो बसला व्हता. आपल्या खळ्यावर मोजते तसं म्या मोजाले लागलो. त्याच्या नावेले म्हनलं, लाभ. थो हासला. म्हने, लेका, इथंबी रास मोजून राह्यला काय तू? मंग दोन सोडली. तीन सोडली. चौथी सोडली, अन् गोळा आला. पहिल्या नावेवर पडला. नुसत्या पहिल्याच."

एक गाडी लागली, तिची माणसं उतरली, टोपल्यावाल्या बाया चढल्या. बाबा ती जाईस्तोवर थांबले.

"साहेब आला. त्यानं इचारलं, कितने गये? म्या म्हनलं, एक. त्यानं कागदावर लिहून घेतलं. त्याच नावेले घडीभराआंदी म्या लाभ म्हनलं व्हतं वं. ह्याच तोंडानं. मंग आता खळ्यावर कसं म्हनू, सांग."

"अन् पूल?"

"झाला नं. दुपारून झाला. दुसऱ्या नावा लावल्या. सारी फौज गेली त्याच्यावरून. खाली कोनी पाह्यलं नाही."

मला तेव्हा दया आली, डोळे भरून आले, मी त्यांचा हात धरला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. सतरा वर्षांच्या मुलीचा पेपर बुडाला होता. मी म्हटलं, "मंग हे आंदी काहून नाही सांगतलं? माहं उत्तर तरी पुरं झालं असतं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मला वाटतं त्यांनाही ते पटलं. मग आम्ही भाकर खाल्ली, कारण भूक लागली होती, आणि त्या दिवशी माझ्या ताटातली आफ्रिका कोणी अडवली नाही.

निकाल लागला. इतिहासात मी गेले. बाकी सगळ्या विषयांत पास. दोन दिवसांत सदाशिवमामा शिरपूरच्या स्थळाचा निरोप घेऊन हजर. चहा पिताना म्हणाला, "भाऊजी, ठरल्याप्रमानं आता पोरीले उजवून टाकू." माय पदराशी चाळा करत दारात उभी. मी आत, कान भिंतीला. ठरलेलं होतं, मला तोंड उघडायला जागाच नव्हती. बाबांनी बशी खाली ठेवली.

"पूल अर्धा हाय सदाशिव, अन् तू त्याच्यावरून वरात नेऊन राह्यला?"

"कोनता पूल?"

"ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा हाय. तवर थांब."

"अन् तवाबी नापास झाली तं?"

"तं पुन्हा नावा लावू," बाबा म्हणाले, आणि मामाकडे फुटका कान केला. मामा बराच वेळ बोलत होता. मग कंटाळून निघून गेला.

त्यानंतर बाबांनी युद्ध बंद केलं. कडब्याखालून गाईड शोधून आणलं. उंदरांनी एक कोपरा खाल्ला होता. संध्याकाळी ते माझ्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, "वाच." मी वाचायचे. जपान, पाणबुड्या, विमानं. "याच्यात नदी आली का?" "नाही." "असू दे. पुढं वाच." ताटावर भाकर ही नुसती भाकर राहिली. घर इतकं गप्प झालं की मला त्याचाही वैताग यायला लागला. कढीची वाटी समोर असायची आणि मी घास हातात धरून उगाच थांबायचे. माय एकदा म्हणाली, "काय झालं वं याहिले? बिमार गिमार हायेत का?" मी तिला काही सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नव्हतं.

ऑक्टोबरात मी पास झाले. बारा मुद्दे, दीड पान, एक शब्द जास्त नाही. पुढे ट्रेनिंग केलं, नोकरी लागली. रिसोड तालुक्यातल्या शाळांत मीही इतिहास शिकवला, आणि तो धडा आला की गाईडासारखाच शिकवला. एका तासात तिन्ही मोहिमा. मुलांना पास व्हायचं असतं.

आता ते खळं राहिलं नाही. सोयाबीन शेतातच मळणीयंत्रातून निघतं, पोती भरतात आणि थेट रिसोडच्या काट्यावर जातात. काट्यावर आकडे लाल उमटतात, पहिल्या पोत्याला लाभ म्हणायला तिथे कोणाला वेळ नाही. पण मला त्या ऑक्टोबरनंतरची ज्वारीची रास आठवते. उफणून झालेली, संध्याकाळच्या उन्हात पिवळी. शेजारची दोन-तीन घरं मदतीला आलेली. बाबा राशीपुढे गुडघ्यावर बसले, पायली खुपसली, भरली, वरचा दाणा हाताने सारखा केला. माय नेहमीप्रमाणे पुढे सरकली, ओरडायला श्वास घेतला. मी तिचा हात धरला.

बाबांनी पायली उचलली. "एक," म्हणाले.

खळ्यावर चुळबूळ झाली. माय माझ्यावरच चिडली. "सोड वं! पहिल्या मापाले कोनी एक म्हन्ते काय?"

"म्हनू दे, माय," मी म्हटलं. "एकच होता."

मायला काही कळलं नाही. बाबांचा चांगला कान माझ्याकडे होता. त्यांनी पायली पोत्यात रिकामी केली, परत राशीत खुपसली, आणि ती भरायला त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

"दोन," ते म्हणाले.